दोन सूत

फेब्रुवारीत डॅरलची पिकअप
चर्चच्या उतारावर बर्फात घसरली
आणि आमच्या निळ्या गाडीच्या कुशीत शिरली.
आवाज फार झाला नाही.
सेलिना बसते त्या बाजूचं दार आत गेलं,
चौकट मधल्या खांबापाशी वाकली,
आणि पोरगा गुडघाभर बर्फात उभा राहून
एकच वाक्य तीनदा म्हणाला,
"स्किपर, बाबांना सांगू नका."

सेंट जॉन्सचं गॅरेज सहा तासांवर.
फोनवरचा माणूस म्हणाला, मोडीत काढा,
गाडीहून दुरुस्ती महाग पडेल.
मी चाळीस वर्षं होड्या बांधल्या.
मोडीत काढणं मला जमत नाही.
हा गुण नाही, सेलिनाच्या मते रोग आहे.

शेडमधली अर्धवट होडी भिंतीला लावली,
गाडी आत घेतली, शेगडी पेटवली.
दार उतरवलं. काचांचा चुरा
अजूनही सीटच्या फटीतून निघतो.

डावीकडची चौकट शाबूत होती.
तिच्या कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी दोरी ताणली,
मग उलटी तिरकी,
दोन्हींवर गाठी मारल्या
आणि त्या गाठी उजवीकडे आणल्या.
एक बसली. दुसरी
सव्वा इंच चुकली.
"एवढंच?" डॅरल म्हणाला.
एवढ्यात होडीला पाणी लागतं, मी म्हणालो.

स्प्रूसचा ओंडका आडवा घातला,
एका टोकाला जॅक,
दुसऱ्या टोकाला, शाबूत खांबापाशी, जाड फळी;
एकाला सरळ करताना
दुसऱ्याला वाकवायचं नसतं.
डॅरल दांडा मारत होता, मी दोरीशी.
खांब कुरकुरला, सरकला,
गाठ जुळली. थांब.
जॅक सोडला
तसा तो निम्मा माघारी गेला.

लाकूड वाफवलं की सांगाल तिथे राहतं.
पत्रा मार लक्षात ठेवतो.
त्याला हव्या जागेच्या पुढे न्यावं लागतं,
मग तो मागे येऊन जागेवर बसतो.
पुढे म्हणजे किती,
हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"तुटलं तर?"
तुटायच्या आधी रंग सांगेल.
आणि खरंच, सांध्यापाशी
निळा रंग केसाएवढा तडकला.
तिथे थांबलो. चहा प्यालो.
पोराचे हात कपाभोवतीही थरथरत होते,
थंडीनं, असं आम्ही दोघांनी धरून चाललो.

मग आतून लोखंडी ठोकळा, बाहेरून हातोडी.
जोरात नाही. पुष्कळदा.
खालचा उंबरा रस्त्यावरच्या मिठानं
आधीच खाल्लेला निघाला,
तो डॅरलच्या खात्यावर मांडला नाही.

तिसऱ्या दिवशी त्याचा बाप
शेडच्या तोंडाशी येऊन उभा राहिला.
विचारलं काहीच नाही.
रंगाचा डबा उंबऱ्यात ठेवला नि गेला.
निळाच, पण दुसराच निळा.
डॅरल बराच वेळ
त्या डब्याकडे पाहत हातोडी पुसत होता.

पाचव्या दिवशी दार टांगलं.
फट वर एक सूत, खाली तीन.
बिजागरी सैल केली, खांद्यानं दार उचलून धरलं,
पोरानं आवळलं.
पुन्हा सैल. पुन्हा आवळ.
दिवे लागेपर्यंत
सगळीकडे दोन सूत,
फक्त वरचा मागचा कोपरा सोडून.
त्याची मी पुष्कळ मनधरणी केली.

सेलिना आली, बसली,
दार ओढलं, उघडलं, परत ओढलं.
"जुना आवाज नाही हा," म्हणाली,
आणि डॅरलला रविवारी जेवायला बोलावलं,
बापासकट.

हायवेवर गाडी नव्वदला पोचली
तशी त्या कोपऱ्यातून शिट्टी सुरू झाली,
बारीक, अखंड, किटलीसारखी.
घरी गेल्यावर रबर बदलतो, मी म्हणालो.
ती खिडकीबाहेर पाहत होती,
धुकं समुद्रावरून रस्त्यावर येत होतं.
"राहू दे," म्हणाली,
"आता काट्याकडे न बघता
तुझा वेग कळेल मला."

मी ऐंशीवर आलो. मग सत्तर.
शिट्टी थांबली.