उजवीकडून डावीकडे

ओमाहातल्या या स्टेकहाउसात
वाइनची यादी दोन्ही हातांनी घ्यावी लागते,
चामडी बांधणीच्या दप्तरासारखी.

गाव, उतार, जमिनीचा पोत, साल...
अरे, हा तर सातबारा!
पिकाच्या रकान्यात फक्त जिथंतिथं द्राक्षं.

तलाठ्याची मुलगी मी,
तरी बोट उजवीकडूनच निघतं:
आधी आकडा, मग नाव.
चारशे दहा. दोनशे साठ.
तळाशी, छपाईची चूक वाटावी असे
अठ्ठेचाळीस.

तेच मागवते.

"ओली माती, तंबाखू, जुनं चामडं,"
कॉर्विन चव सांगतो.
अण्णांच्या कचेरीचा वास हा,
पण ते कुणाला सांगू इथं.

तो घोटभर ओततो आणि थांबतो.
फेरफार अण्णांनी लिहायचा,
मंजुरी वरच्या साहेबाची.
टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघतायत.

जरा आंबट आहे.

मंजूर.