साडेनऊपर्यंत

हॅलिफॅक्सच्या चढावर, पूर्वी बेकरी होती त्या गाळ्यात
माझं दुकान. दमट हवेत अजून
भिंतींना यीस्टचा वास सुटतो,
तो राळेच्या धुरात मिसळला की
गिऱ्हाईक विचारतं, इथे नक्की भाजता काय?

मंगळवारी जॅनिस ओल्ड्रॉइड आली.
रजईत गुंडाळलेला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर,
कपाटाएवढे दोन स्पीकर.
"वडिलांचे. चाळीस वर्षं माळ्यावर.
चालले तर विकीन.
आणि ते कळकट कापड आधी बदला, लाज वाटते."
मी पावतीवर लिहिलं: कापड, अठरा पौंड.

झाकण काढलं. एक मेलेला कोळी.
एक टाचणी, आत कशी गेली देव जाणे.
कपॅसिटरांचं मेण ओघळून थिजलेलं,
एकाचं पोट फुटलेलं.
डावा हात खिशात, काम उजव्याने:
हा नियम मला सांगलीच्या उस्तादांनी नाही,
ब्याऐंशी साली तीनशे ऐंशी व्होल्टनी शिकवला.
तेव्हापासून बंद पेटीलाही मी
ताकासारखा फुंकून हात लावतो.

जुन्या नळ्या कोरून पोकळ केल्या,
आत नवे कपॅसिटर दडवले, भरल्या वांग्यांसारखे.
वरून कळत नाही. दोन दिवस त्यात गेले.
बायको म्हणाली, या पैशात नवा आला असता.
खरंय.

घुमणं गेलं. उरली खरखर.
आवाजाचं बटण सातपासून साडेनऊपर्यंत
वाळूत चालल्यासारखं,
तिथून पुढे थेट पाचपर्यंत लोणी.
उघडून पाहिलं.
कार्बनचा पट्टा, घोड्याच्या नालासारखा:
सुरुवातीला झिजून राखाडी,
साडेनऊला एक खाच,
आणि पुढे काळा कुळकुळीत, बोट न लागलेला.
भिंग पुसून पुन्हा बघितलं.
एवढं धूड घरात आणून
कुणीतरी जन्मभर कुजबुज ऐकली होती.

फोन केला. ती म्हणाली,
"आई रात्रपाळीची नर्स. दिवसा झोपायची.
आम्ही मोज्यांवर चालायचो."
मग म्हणाली, "पण बाबांना तर ऐकूच कमी यायचं.
गालिच्याच्या मिलमध्ये एकोणतीस वर्षं, मागावर.
मीठ मागायचं तरी ओरडावं लागे.
एवढ्या हळू त्यांना..."

मी डाव्या स्पीकरकडे बघत होतो.
कापडावर तेलकट डाग, तळहाताएवढा,
जमिनीवर बसलेल्या माणसाच्या कानाशी येईल
इतक्या उंचीवर.
उजव्यावर काहीच नाही.

"हॅलो?" ती म्हणत होती.
"शनिवारी या," म्हटलं. "जरा वेळ काढून."

फोन ठेवला, दाराची पाटी उलटी केली,
ब्रास बँडची एक तबकडी लावली, बटण साडेनऊवर.
गुडघे कुरकुरले, पण बसलो,
डागावर कान ठेवला.
ऐकू नंतर येतं.
आधी गालाला लागतं काहीतरी,
मांजर गुरगुरतं तसं.

शनिवारी ती आली. सांगितलं, दाखवलं.
मी खुर्ची पुढे केली, तिने घेतली नाही.
मी आत जाऊन उगाच
स्क्रू मापाप्रमाणे लावत बसलो,
बराच वेळ.

विकण्याबद्दल म्हणाली, बघते.
पावतीवर कापडाची ओळ खोडली, अठरा वजा.
टाचणीही दिली, छोट्या पाकिटात घालून.
ती उजेडात धरून म्हणाली,
"ही आईची असणार,"
आणि कोटाच्या कॉलरला आतून टोचून ठेवली.