हिरव्या दाराकडची किल्ली

चर्चला कुलूप. दारावर पावसाने सुरकुतलेला कागद:
किल्ली मिसेस थर्टल यांच्याकडे, हिरवं दार,
कुत्रा चावत नाही.

कुत्रा नव्हताच. मागच्या हिवाळ्यात गेला, म्हणाल्या,
आणि किल्ली दिली. वीतभर, लोखंडी, खिशात मावेना.
हातात धरूनच बीटाच्या शेताकडेने गेलो,
दुसऱ्याच्या घरचा कारभार
तासाभरापुरता गळ्यात पडावा तसा.

आत गार. रिकाम्या रांजणात तोंड घालावं
तसं गार.
वटवाघळांमुळे वेदीवर प्लास्टिक अंथरलेलं.
गुडघे टेकायच्या उशांवर गावच्या बायकांचे टाके:
एकीवर बदक, एकीवर ट्रॅक्टर,
एकीवर नुसतंच 'नोरा' आणि सुटलेली लोकर.
खांबाशी लोणच्याच्या बरण्या, पैसे डब्यात टाका.

आणि पूर्वेला, जिथे नजर लांब जायला हवी,
तिथे भिंत.
कमान होती ती, गारगोट्यांनी घाईघाईत बुजवलेली,
बोलता बोलता कुणी तोंडावर हात ठेवावा तशी.

वळसा घालून तिच्या पाठीमागे गेलो.
उरलेलं चर्च इथे होतं, मठवासीयांचं.
राजाची माणसं आली, छपराचं शिसं वितळवून नेलं,
घंटा वजनावर विकल्या.
गावाचा भाग गावाचा, म्हणून राहिला.
तेव्हा गाव पलीकडे उभं राहायचं,
इकडचं गाणं त्याला नुसतं ऐकू यायचं.
आता इकडे मेंढ्या, गवत ओरबाडत.
त्यांना कुणी अडवत नाही.

मध्यरात्रीच्या प्रार्थनेला उतरायचा जिना:
सात पायऱ्या, वर काहीच नाही.
चौथी बशीसारखी झिजलेली, बशीत गोगलगाय.
श्रद्धेने झिजते का पायरी,
की झोपमोड झालेल्या, कुरकुरणाऱ्या पायांनीही
तेवढीच?

परतलो तेव्हा मिसेस थर्टल कणीक मळत होत्या.
"तुम्हीच अडकवा. कोळशाच्या खोलीत, नाकावर."

नाकावर?

विटांच्या मधोमध एक दगडी तोंड.
गुबगुबीत गाल, ओठ उघडे, गाताना थांबलेले,
खालच्या ओठावर कोळशाची पूड.
"सासूबाईंच्याही आधीचं आहे.
गावभर आहेत हो. पबच्या शेकोटीला पंख आहेत,
ऑस्बर्टची डुकरं तर कुणाच्या तरी शवपेटीतून पितात."

मी म्हटलं, हे खरं तर परत...

"कुणाला?"
टोमणा नव्हता. हात पिठात तसेच ठेवून
त्या उत्तरासाठी थांबल्या.

मी किल्ली अडकवली. नाक एका बाजूने
गुळगुळीत, बारीक झालं होतं.
निघताना विचारलं, जाता जाता
कागदावरचा कुत्रा खोडून टाकू का?

"राहू दे," म्हणाल्या.
"आता तेवढाच आहे तो."