अडतीस आटे

मुगभाटातल्या देवळाच्या सभागृहात
चातुर्मासात मी इंद्रियनिग्रहावर बोलत होतो.
माइक चांगला होता, पंखा माझ्याकडे वळवलेला.
लगामाची उपमा दिली, वातीची दिली,
कासवाची तर हातवाऱ्यांसकट,
पाय आत, मान आत.
पहिल्या रांगेतल्या खांबेटेबाईंनी डोळे मिटून दाद दिली
तेव्हा माझी मान
कवचाबाहेर चांगली वीतभर आली.

चपलांपाशी, चौकटीला टेकून तो बसायचा.
सोमा नाचणकर, पालिकेचा चावीवाला.
मनगटावर ग्रीस, मांडीला टेकवलेली पिशवी.
पहाटे गल्ल्यांचं पाणी सोडतो नि बंद करतो,
एवढंच मला ठाऊक.
प्रसादाचं केळं हातात धरून त्याने विचारलं,
"गुरुजी, बंद करायचं म्हणालात.
पण किती वेळात?"

तत्क्षणी, मी म्हणालो. कळलं की वळलं.

"मग फुटेल," तो म्हणाला.
"व्हॉल्व्ह झटक्यात आवळला
की पाणी उलटं धडकतं. जमिनीखाली धप्प होतं.
जुनी लाइन आहे. जोड निखळतो,
आणि पिण्याचं पाणी गटारात.
मी अडतीस आटे मोजतो. सोडायला अडतीस, मिटायला अडतीस.
पाण्याला कळू द्यायचं, की आता थांबायचंय."

घरी कपाटात माझ्या सत्तावीस वह्या.
शम आणि दम यांतला भेद, लाल शाईत, अधोरेखित.
त्या आषाढात मी साखर सोडली होती, एका झटक्यात,
आणि अकराव्या दिवशी
चहाच्या एका कपावरून सुनेवर असा ओरडलो
की नातू टेबलाखाली जाऊन बसला.
तो धप्प आवाज
मला त्या रात्री ऐकू आला.

दुसऱ्या पहाटे सव्वाचारला त्याच्यामागून निघालो.
एक कुत्रं, एक पाववाला, आणि आम्ही.
कोपऱ्यावर हॉटेलवाला उभा. "दहाच मिनिटं जास्त,"
आणि खिशाकडे गेलेला हात.
सोमा थांबला नाही, रागावलाही नाही.
"त्याची दहा मिनिटं
वरच्या माळ्यावरच्या कुणाच्या तरी दोन बादल्या असतात."
तुझ्या घरी कधी येतं रे पाणी?
"दुपारी. मी कधी बघितलेलं नाही. बायको भरते."

कुणी शिकवलं, विचारलं.
"गोविंद तांबट. दोन वर्षं चावीला हात लावू दिला नाही.
झाकणं उचल म्हणाला, आणि कान लाव.
मी म्हटलं, शिकवा की.
तो म्हणाला, चाललंय ते काय आहे?"

चौथ्या गल्लीत त्याने चावी माझ्या हाती दिली.
पुरुषभर उंचीची लोखंडी कांब, आडवी मूठ, गार.
फिरवत गेलो. खाली काहीतरी जागं झालं,
तळव्यांना कळलं.
बारा, तेरा, चौदा.
सतराव्याच्या आसपास मनात आलं,
रविवारच्या प्रवचनात हे काय सुरेख बसेल!
खांबेटेबाई तर...

"किती झाले?" सोमाने विचारलं.

संख्यावाचकांची तिन्ही लिंगांतली,
सगळ्या विभक्त्यांतली रूपं मला पाठ आहेत.
मला सांगता आलं नाही.

तो काही बोलला नाही. चावी घेतली,
ऐकत ऐकत सगळं सावकाश मिटलं,
आणि परत माझ्या हातात दिली.
वर चौथ्या माळ्यावर नळ फुसफुसला,
कुणीतरी बादली सरकवली,
आणि वाट बघत राहिलं. माझ्यामुळे.

"एकपासून," तो म्हणाला.

एक, मी म्हणालो, स्पष्ट, खणखणीत, सवयीने.

"मनात," तो म्हणाला.