बिनजाळ्याची कोळीण

सोहार बंदर, क्वारंटाइनची शेड, पहाटेचे पाच.
नारळाच्या रोपांचा चौदावा ट्रे उचलला
तर इद्रिसमियाँच्या बॅटरीत काहीतरी चमकलं,
हिरवट, दोन ठिपके.
"मॅडम, माकोर्शा!"
मला वाटलं माकड.
त्याने चप्पल काढली होती हातात.
म्हटलं, थांब.

लबनच्या रिकाम्या डब्यात घेतली तिला,
झाकणाला दाभणाने भोकं पाडली.
हमूदने फॉर्म पुढे केला:
जात, मूळ देश, कारवाई.
मी नुसती वेळ लिहिली.

वर्णन असं.
अंगठ्याच्या नखाएवढी, पाय सोडून.
रंग भिजल्या सोडणाचा,
पाठीवर मधोमध फिका पट्टा,
रांगोळीवरून कुणी बोट ओढत न्यावं तसा.
पोट खालून काळं.
डोळे आठ: खाली चार बारीक, एका ओळीत,
वर दोन मोठे, समोर रोखलेले,
आणि दोन मागे, डोक्याच्या कडांना,
माझ्या आत्याला होते तिथेच.

जाळं विणत नाही ही.
जमिनीवर पळते, पळून धरते.
पुस्तकात नाव लांडगा-कोळी.
आमच्याकडे नुसतं कोळी.
आमच्याकडे आम्हीसुद्धा नुसते कोळी.

चौथीत बाईंनी विचारलं, कोळ्याला पाय किती?
सगळा वर्ग माझ्याकडे वळून हसला.
घरी न जाता तशीच पुळणीवर गेले.
बाबा फाटलेलं जाळं सांधत बसले होते.
सुतळी दातात धरूनच म्हणाले,
"जमिनीवर दोन. बाकीचे होडीत ठेवून येतो."

दुपारी पुस्तक उघडलं.
ओळख पटवायचं पुस्तक म्हणजे नुसते प्रश्न:
असेल तर पुढे जा, नसेल तर मागे.
तेविसाव्या प्रश्नापर्यंत नीट गेले.
चोविसावा म्हणाला,
मादीच्या पोटाखालची खूण बघा.
ती बघायची तर आधी स्पिरिट.
जिवंतपणी ती दाखवत नाही.

आणि मागे, सूत निघतं तिथे,
चिकटवलेली पांढरी गोळी, मटाराएवढी.
चिमट्याने हलकेच सोडवली मी.
ती गरगर फिरली, पायांनी चाचपलं,
सापडल्यावर पुन्हा मागे लावून घेतली.
म्हणतात, कापसाची गोळी दिली तरी घेते.
मी देऊन पाहिली नाही.

मूळ देश?
रोपं कोचीची, भुसा श्रीलंकेचा,
कंटेनर जबल अलीत नऊ दिवस उभा.
ही कदाचित इथलीच,
रात्री ओलाव्याच्या वासाने आत आलेली.
हमूद म्हणाला, काहीतरी लिही, गेटवर ट्रक उभा आहे.

चार दिवस नाही लिहिलं.
पाचव्या दिवशी गोळी उसवली
आणि पिल्लं तिच्या पाठीवर चढली,
थरावर थर, पट्टा दिसेनासा झाला.
मोजायला बसले. चाळीसनंतर चुकले.
पिल्लांची जात सांगता येत नाही,
वाढल्याशिवाय खूण उमटत नाही.

नियम मला पाठ आहे.
डबा फ्रीझरमध्ये ठेवला तो मीच,
दार लावलं तेही मी,
आणि बाहेर जाऊन चहा प्यायले, पूर्ण कप.

खूण पुस्तकातल्या कुठल्याच चित्राशी जुळली नाही.
जुळेल, कुणा जाणत्याला पाठवलं की.
तोवर जातीच्या रकान्यात: अनिश्चित.

मग चिठ्ठी, नखाएवढी,
स्पिरिटात न विरघळणाऱ्या शाईने:
सोहार बंदर. ट्रे चौदा. जमिनीवर.
शोधणारा: इद्रिस.
तो खांद्यावरून वाकून बघत होता.
माझी अक्षरं त्याला वाचता येत नाहीत,
बोट ठेवून विचारलं, हे मी?
हो.
"बापाचं पण नाव टाका ना, मॅडम. नूरुद्दिन."

जागा नव्हती.
चिठ्ठी उलटी केली.