अकरा आठवडे

रेझेक्नेच्या आमच्या कचेरीत एक कपाट होतं,
परदेशाला विचारलेल्या प्रश्नांचं.
डब्लिनला पत्र लिहायचं, शिक्का मारायचा
आणि विसरून जायचं.
एका म्हाताऱ्याचं उत्तर आलं तेव्हा
त्याच्या थडग्यावरचा दुसरा बर्फ वितळत होता.
मी ते उत्तर फायलीत लावलं. नियम तसा होता.

आता कपाट नाही.
त्या जागी पाण्याचं मशीन आहे, गार आणि गरम.
मी कळ दाबते
आणि चहा निवायच्या आत उत्तर येतं,
हे खोटं. पण येतं लवकर.
आयर्लंड न खोकता बोलतं,
रकान्या-रकान्यांतून.

बिरुता लोच्मेले आली ती बिस्किटांचा डबा घेऊन.
आत पगाराच्या चिठ्ठ्या,
त्यांना बांधलेलं रबर केव्हाच तुटून
कागदालाच चिकटलेलं.
म्हटलं, बाई, हे आता लागत नाही,
सगळं तारेतून येतं.
म्हणाली, नसेल लागत. मी आणलंय.

तिच्या आडनावातल्या एका अक्षराच्या डोक्यावर
खूण असते आमच्या लिपीत,
चिमणीच्या पावलाएवढी.
समुद्र ओलांडताना ती गळून पडली.
तिकडे पाच वर्षं ती
लोकमेले होती.
"ही तीच व्यक्ती आहे का?" यंत्र विचारतं.
खाली दोनच चौकोन.
मी मान वर करून पाहिलं.
उजवा अंगठा आतल्या बाजूला वळलेला,
अळंबी देठापाशी पिळून काढणाऱ्याचा असतो तसा.
अंगठ्याला रकाना नाही.
मी "होय" दाबलं.

दोनशे एकेचाळीस आठवडे आले,
मोनॅहन परगण्यातून, एकामागून एक,
पहाटे चारच्या पाळीला उभे असल्यासारखे.
मी दोनदा मोजले.
सुरुवातीचे अकरा नव्हते.

"माहीत आहे," बिरुता म्हणाली.
"ते गेनोवेफाकडे आहेत."

गेनोवेफा, तिची मावसबहीण.
ट्रॉलीवरून पडून मनगट मोडलं होतं तिचं,
आणि बिरुताचा नंबर अजून आला नव्हता,
नंबराशिवाय पगार नाही.
मग एकीचं नाव, दुसरीचे हात.
मुकादमाने ओळखपत्र पाहिलंही म्हणे,
पण फोटोत दोघी सारख्याच वाईट दिसत होत्या.
अंधाऱ्या शेडमध्ये सगळेच वाकलेले.
अळंबी रात्रीतून दुप्पट होते,
कुणाचं नाव काय, यासाठी थांबत नाही.

गेनोवेफाची फाईल मला आठवत होती.
चार वर्षांपूर्वी मीच बंद केली,
कारणाच्या रकान्यात एक आकडा टाकून.
म्हणजे ते अकरा आठवडे
माझ्याच हातून पुरले गेले.

उघडता येईल, मी म्हटलं. चौकशी पाठवता येईल.
त्रास होईल थोडा. दंडही, कदाचित.
मग हिशेब करून दाखवला तिला:
अकरा आठवडे म्हणजे
महिन्याला एक राईचा पाव,
तोही कापलेला नाही.

बिरुता बराच वेळ डब्याचं झाकण
लावत आणि काढत राहिली.
"राहू देत तिच्याकडे.
तिचं मनगट काही धड जुळलं नाही शेवटपर्यंत.
मी आता जाऊन मागितले
तर म्हणेल, ही बघा, पावासाठी आली."

मी कागद पुढे केला. तिने सही केली,
चिमणीच्या पावलासकट.

उठता उठता ती थांबली.
"त्यांना एक विचाराल?
आता लगेच कळतं म्हणता ना.
सहा नंबरची शेड अजून आहे का,
आणि तिच्या दारामागे
आम्ही कोट टांगायचो तो खिळा?"

मला ठाऊक होतं, असा रकाना नाही.
तरी मी पडदा वर सरकवला, खाली सरकवला,
चष्मा पुसला,
पुन्हा वर सरकवला.
ती टेबलाला धरून उभी होती.