दर पंचवीस सेकंदांनी

दुकमच्या बंदरावर गेट नंबर तीनच्या केबिनमध्ये
एक टॅबलेट आहे, एका कोपऱ्यात तडकलेला.
ट्रक आला की नबीदाद त्यावर नंबर टिपतो,
हिरवं आलं की दांडा उचलतो.
चार दिवस झाले, दुपारनंतर हिरवं येत नाही.

मी रुवीत, साडेपाचशे किलोमीटरवर,
एसीखाली स्वेटर घालून.
माझ्याकडे तर चालतंय.

"बाजी, लाल अक्षरं आलीत."
वाच.
"इंग्रजी आहे."
मग नुसते आकडे सांग.
ट्रकची पाटी वाचावी तसं त्यानं वाचलं:
एक, शून्य, शून्य, सहा.

१००६. म्हणजे जोडणी तुटली
आणि जाताना कुणी काही बोललं नाही.
कारणाचा रकाना कोरा.
भांडण नाही, चिठ्ठी नाही,
ताटावरून उठून गेलेलं माणूस.

मग करतात ते सगळं केलं.
केबल काढ, केबल लाव.
प्रमाणपत्राची तारीख पाहिली.
टॅबलेटचं घड्याळ बरोबर निघालं,
केबिनच्या भिंतीवरचं सात मिनिटं मागे.
फायरवॉलवाले मॅथ्यूसाहेब म्हणाले, आमच्याकडे काही नाही.
कॅश पुसली. परत पुसली,
देवळातून निघताना पुन्हा वळून हात जोडावेत तशी.

शेवटी त्याच्या टेबलावरच्या जुन्या लॅपटॉपला
टॅबलेट जोडायला लावला
आणि बोगद्यातून आत शिरले.
त्याचा पडदा आता माझ्या पडद्यात.
माउस एका खोक्यावर नेला
तर तिकडे ते खोकं निळं झालं.
"बाजी, काचेवर निळं काहीतरी फिरतंय."
मीच आहे.
"तुम्ही?"
मग तो काही बोलला नाही.
मागे पंखा, आणि कुणाच्या तरी डब्याचं झाकण.

साडेबारा ते साडेतीन, उन्हाळ्यात बाहेरची कामं बंद.
ड्रायव्हर आपापल्या ट्रकखाली आडवे.
नोंदी मी खालून वर वाचत गेले.
आज शेवटचा ट्रक बारा अठ्ठावीस, तुटलं बारा एकोणतीस.
काल बारा चोवीस, तुटलं पंचवीस.
साठ सेकंद.
मध्ये कुठेतरी एक यंत्र बसलंय,
मिनिटभर कुणी बोललं नाही की
मेलं समजून दोर कापतं.
आणि कापल्यावर पुन्हा जोड
असं पानाला कुणी सांगितलंच नव्हतं.
फाइलवर नाव पाहिलं.
माझंच. मार्चमधलं, घाईतलं.

गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो.
"हं" मध्ये काय असतं? काहीच नसतं.
तो थांबला की मात्र सांगणारा
अंधारात हात लांबवून बघतो, झोपलं का.

ओळी फार नव्हत्या.
दर पंचवीस सेकंदांनी एक रिकामं पाकीट जाईल:
आहेस?
तिकडून: हं.
आणि तरीही तुटलंच, तर थोडं थांबून पुन्हा दार वाजव.
हेही लिहिलं, या वेळी.

एक वाजून दहा. अकरा. बारा.
आम्ही दोघं फोन कानाला लावून गप्प.
मधूनच तो खाकरायचा.
मीही एकदा खाकरले, उगाच.
तेरा.

साडेतीनला पहिला ट्रक आला, सिमेंटचा.
हिरवं.
दांडा मला दिसला नाही, करकरला तेवढा ऐकला.
"आलं, बाजी." आणि लगेच कुणावर तरी ओरडला,
गाडी मागे घे म्हणून.

बोगदा बंद करणार,
तर नोंदीत एक ओळ आली, मी न मागितलेली:
स्पर्श. आडवे तीनशे बारा, उभे चारशे ऐंशी.
तिथे बटण नाही, रकाना नाही.
माझा निळा चौकोन तेवढा थांबला होता तिथे.

माउस मी हलवला नाही, पुढचा ट्रक येईपर्यंत.

मग जोडणी सोडली, रीतसर, १००० या आकड्यानं.
टाइमशीटवर लिहिलं:
गेट तीन, साडेतीन तास, किरकोळ दुरुस्ती.